सोयाबीनला जिवाणू लावले, फरक का दिसला नाही?

प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे, थोडक्यात असा: "दोन हंगाम सोयाबीनला रायझोबियम (मुळावर गाठी करून हवेतला नत्र देणारा जिवाणू) आणि पीएसबी (मातीतला स्फुरद विरघळवणारा जिवाणू) लावले. बांधाला बांध लागून असलेल्या चुलतभावाने काहीच लावले नाही. उतारा दोघांचा सारखाच. आता दुकानदार नवी बाटली दाखवतोय. म्हणतो, पावसाचा खंड पडला तरी पीक तगते, चोपण रानातही चालते. हे जिवाणू खरेच काम करतात, की पैसे पाण्यात?"

उत्तर देण्याआधी मीच एक विचारतो. चुलतभावाच्या रानात सोयाबीन किती वर्षांपासून आहे? तुम्ही लिहिले नाही, पण लातूर म्हटल्यावर पंधरा-वीस वर्षे तरी मी धरून चालतो. तसे असेल तर त्याने जिवाणू लावले नाहीत हे खरे, पण त्याच्या पिकाला ते मिळाले नाहीत असे म्हणता येणार नाही.

तूर, मूग, उडीद, चवळी यांच्या मुळांवर गाठी करणारे जिवाणू आपल्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सोयाबीन बाहेरून आलेले पीक. त्याला रायझोबियमच्याच गोतातला, पण ब्रॅडीरायझोबियम जॅपोनिकम नावाचा वेगळा जिवाणू लागतो. तो पाकिटातून आला आणि सोयाबीन वर्षानुवर्षे होत राहिल्याने इथलाच झाला. पीक निघाले की गाठी कुजतात, आतले जिवाणू मातीत सुटतात, उन्हाळ्यात त्यातले पुष्कळ मरतात आणि उरलेले पुढच्या पेरणीपर्यंत तग धरतात. पेरणी यंत्राच्या फणाला लागलेली माती, बांध फोडून वाहणारे पाणी, जनावरांचे खूर, या सगळ्यांतून ते एका रानातून दुसऱ्या रानात जातात. म्हणजे तुमची तुलना लावलेल्या आणि न लावलेल्या पिकाची झालीच नाही. तुम्ही यंदा लावले, चुलतभावाला मागे कोणीतरी कधीतरी लावलेले उपयोगी पडले.

मी जिवाणू खतांच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षे काढली, त्यातली निम्मी तरी बांधावर. जिथे आयुष्यभर ऊस नाहीतर ज्वारीच होती आणि सोयाबीन पहिल्यांदा पेरले, तिथला न लावलेला पट्टा चाळिसाव्या दिवशी बांधावर उभे राहून दाखवता येतो. पिवळट, बुटका, मुळावर गाठ औषधालाही नाही. अशा रानात पाकिटाच्या किमतीचा हिशोबच करायचा नसतो. जुन्या सोयाबीनच्या रानात मात्र फरक थोडा असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, वजनकाट्यावर दिसला तर दिसतो.

मग जुन्या रानात लावूच नये का? इथे ब्राझीलकडे बघावे. तिथे सोयाबीनला युरिया जवळपास देतच नाहीत, सगळी भिस्त गाठींवर. योहाना डोबेराइनर या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी सुरुवातीपासून तो हट्ट धरला आणि त्यांच्यानंतर मारियांजेला हुंग्रिया यांनी हे काम पुढे नेले. हुंग्रियांना २०२५ चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले ते याच कामासाठी. तिथल्या मातीतही आधीचे जिवाणू भरपूर आहेत, तरी दर वर्षी नव्याने लावल्यावर सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास वाढ मिळते असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. कारण असे की मातीत वर्षानुवर्षे टिकलेला जिवाणू टिकण्यात पटाईत असतो. नत्र देण्यात तो पटाईत असेलच असे नाही. गाठीत घुसायला तो पहिला आणि काम करायला शेवटचा. असे लोक आपण इतरत्रही पाहतो.

आता तुमच्या पाकिटाचा हिशोब मांडू. एकरी ३० किलो बियाणे, किलोला २५ ग्रॅम संवर्धन (पाकिटातली जिवाणूंची भुकटी), म्हणजे ७५० ग्रॅम. खत नियंत्रण आदेशात २००६ पासून जिवाणू खते आली. त्यानुसार भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात, द्रवरूपात एका मिलिलिटरमध्ये १० कोटी. ७५० ग्रॅमचे झाले ३,७५० कोटी. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन ८ लाख किलोच्या आसपास भरते, आणि एका ग्रॅम मातीत १० कोटी जिवाणू हा सावध अंदाज झाला. भागाकार करून बघा. तुमच्या एका जिवाणूमागे रानात आधीचे वीस लाख बसलेले आहेत. म्हणून भुकटी रानभर विस्कटून देणाऱ्याला मी हात जोडतो. तोच जिवाणू बियाण्यावर बसला तर सोयाबीनच्या एका दाण्यावर दीड लाखाच्या घरात येतो, आणि मूळ फुटते त्या क्षणी तिथे त्याच्याशी भांडायला दुसरे फारसे कोणी नसते. या धंद्यात जागाच सगळे ठरवते.

मुळाभोवतीच्या त्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या मातीला लोरेंझ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली 'रायझोस्फिअर' हे नाव दिले. याच हिल्टनरने फ्रिडरिश नोब्बेबरोबर १८९६ साली 'नायट्राजिन' या नावाने शेंगवर्गीय पिकांसाठी जिवाणूंचे पेटंट घेतले होते, म्हणजे बाटलीतून जिवाणू विकायचा धंदा सव्वाशे वर्षांहून जुना आहे. दुकानदार 'नवे तंत्रज्ञान' म्हणाला तर हे लक्षात असू द्या. झाड पानात जी साखर तयार करते तिच्यातला बराच भाग मुळावाटे मातीत सोडून देते: साखर, आम्ले, अमिनो आम्ले. वरवर बघता ही उधळपट्टी वाटते. पण आपल्या बहुतेक रानांत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली आहे, तिथला जिवाणू अर्धपोटीच असतो. त्याला मुळाजवळचा हा साखरेचा ओघ म्हणजे रोजची पंगत, आणि पंगतीला येणारा प्रत्येक जण झाडाच्या कामाचा असतो असे नाही. काही नुसते जेवतात, काही रोग आणतात. थोडे कामाचे निघतात, आपण बोलतोय ते त्यांच्याविषयी.

गाठीचे काम तुम्हाला ठाऊक आहेच, त्यामुळे दोनच गोष्टी सांगतो. पहिली, गाठ झाडाला फुकट पडत नाही. हवेतला नत्र फोडायला प्रचंड शक्ती लागते आणि ती सगळी झाडाच्या साखरेतून येते. म्हणून मातीत आयता नत्र मिळाला की झाड गाठींचा खर्च बंद करते. पेरणीच्या खतातला थोडा नत्र चालतो, पण पंचवीस-तीस दिवसांनी 'पीक पिवळे दिसतेय' म्हणून युरिया फेकला की पाकिटाचे पैसे आपणच बुडवले. दुसरी, सोयाबीनची नत्राची निम्मी ते साठ टक्के गरज गाठी भागवतात, बाकी मातीतून येते. 'रायझोबियम लावले, आता खताची गरज नाही' हे बोलणे तितकेच खोटे आहे जितके 'त्याने काही होत नाही' हे.

गाठी न करणाऱ्या जिवाणूंची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती जास्त रंजक वाटते. ॲझोस्पिरिलम घ्या. हा ज्वारी, मका, गहू, ऊस यांच्या मुळांवर राहतो, हवेतला नत्र थोडाफार धरतो, आणि आपल्याकडच्या घडीपत्रिकांत त्याचे कौतुक एवढ्यासाठीच छापलेले असते. प्रत्यक्षात त्याचे मोठे काम दुसरेच. मुळातून पाझरणाऱ्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून तो इंडोल ॲसिटिक आम्ल बनवतो. हे झाडाचे स्वतःचे वाढ संप्रेरक. ते बाहेरून थोडे मिळाले की मुळाला उपमुळे जास्त फुटतात, केसमुळे दाट होतात. आपण ज्याला पांढरी मुळी म्हणतो ती वाढते. पांढरी मुळी वाढली की पाणी, स्फुरद, जस्त सगळेच जास्त उचलले जाते. म्हणजे जिवाणूने खत दिले नाही, खत उचलणारे हात वाढवले. इस्राएलचे याकोव्ह ओकॉन यांनी सहकाऱ्याबरोबर १९९४ साली जगभरच्या वीस वर्षांच्या शेतप्रयोगांचा ताळा मांडला. साठ ते सत्तर टक्के ठिकाणी फायदा दिसला, वाढ ५ ते ३० टक्के. मी हा आकडा उलटा वाचून दाखवतो: तीनातल्या एका रानात काहीच झाले नाही. जो विक्रेता हा तिसरा भाग सांगतो त्याच्याकडून माल घ्यावा.

एक सावधगिरी. हे संप्रेरक जास्त झाले तर मूळ आखडते. त्यामुळे 'दुप्पट डोस' ही आपली जुनी सवय इथे कामाची नाही.

उसातला ॲसिटोबॅक्टर, हवेतला नत्र धरणारा जिवाणू, हा तर ब्राझीलचाच पाहुणा. डोबेराइनर आणि त्यांचे सहकारी कॅव्हल्कांटी यांनी १९८८ साली उसाच्या आतून तो वेगळा काढला. मुळाबाहेर न राहता तो कांडीच्या आत, गोड रसात राहतो. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने बेणेप्रक्रियेसाठी त्याचा प्रसार केला आणि आता उसवाल्यांना हे नाव तोंडपाठ आहे. तुमच्या प्रश्नात ऊस नाही, म्हणून इथेच थांबतो.

पीएसबीबद्दल मात्र मला थोडे कडू बोलावे लागेल. प्रयोगशाळेत आम्ही ट्रायकॅल्शियम फॉस्फेट (पाण्यात न विरघळणारा स्फुरद) घातलेल्या ताटलीवर जिवाणू वाढवतो. तो ग्लुकोनिक आम्ल सोडतो, आम्लाने स्फुरद विरघळतो आणि वसाहतीभोवती स्वच्छ कडे पडते. फोटो सुंदर येतो. पण तुमची जमीन काळी, चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या वर. तिथे आम्लाचा थेंब पडला की चुना तो गिळून टाकतो. ताटलीवरचे कडे रानात तेवढ्याच थाटात उमटत नाही. तरी पीएसबी अगदीच निरुपयोगी म्हणता येत नाही, कारण मुळाला चिकटून बसलेल्या जिवाणूचे आम्ल तिथल्या तिथे, केसाच्या अंतरात काम करते. शिवाय सेंद्रिय पदार्थात अडकलेला स्फुरद सोडवणारी विकरेही (एन्झाइम) तो बनवतो, आणि त्यांना चुना आडवा येत नाही. म्हणून रानात शेणखत असेल, सुपर फॉस्फेट ओळीत पडले असेल तर पीएसबीचा गुण येतो. नुसत्या कोरड्या, कर्ब नसलेल्या रानात बियाण्याला पीएसबी लावून स्फुरदाची गोणी वाचेल या भरवशावर राहू नका. कोकणातल्या जांभ्या, आम्ल मातीत तर हिशोबच वेगळा. तिथे स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमने धरलेला असतो, चुन्याने नव्हे.

लोहाचेही असेच. चुनखडीत लोह असते पण झाडाला मिळत नाही, पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात, ज्याला आपण केवडा म्हणतो. स्युडोमोनास जातीचे जिवाणू लोह पकडणारे पदार्थ सोडतात. त्यातला काही भाग झाडाला मिळतो, पण मुख्य लाभ हा की रोगाच्या बुरशीला लोह मिळत नाही. केवड्यावरचा इलाज म्हणून त्यांच्यावर विसंबू नका, फेरस सल्फेटची फवारणी करा.

आता दुकानदाराच्या दाव्याकडे येतो, पावसाच्या खंडाकडे. हा दावा सरसकट खोटा नाही आणि त्यामागचे शास्त्र मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणे वाटते.

आंब्याची अढी घातली की एक आंबा पिकला की बाकीचे भराभर पिकतात. ते घडवतो इथिलीन वायू. हाच इथिलीन झाड संकटातही बनवते: पाण्याची ओढ, क्षार, मुळात पाणी साचणे, जखम, रोग. थोडा इथिलीन कामाचा असतो, त्याने झाड सावध होते. पण ताण वाढला की तो उसळी घेतो आणि झाड आवराआवर सुरू करते. मुळाची वाढ थांबते, जुनी पाने पिवळी पडून गळतात, फुले-पाते झडतात. पुष्कळदा पाणी अजून थोडे शिल्लक असते, पण झाडाने धसका घेतलेला असतो. इथिलीन बनण्याच्या आधीच्या टप्प्यावर एसीसी नावाचा पदार्थ असतो आणि तो मुळातून थोडा बाहेरही पाझरतो. काही जिवाणूंकडे हा एसीसी फोडून खाण्याचे विकर आहे. १९७८ साली जपानमध्ये होनमा आणि शिमोमुरा यांनी ते प्रथम दाखवले. जिवाणूला त्यातून नत्र मिळतो, तो स्वतःच्या पोटासाठी खातो. पण बाहेरचा एसीसी संपत गेला की आतला आणखी पाझरतो, आणि झाडात इथिलीन बनायला कच्चा माल कमी पडतो. धसका ओसरतो, मूळ आणखी काही दिवस खाली जात राहते. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे बर्नार्ड ग्लिक यांनी १९९८ साली ही साखळी जोडून दाखवली.

ग्लिक यांच्याच एका प्रयोगाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. दक्षिण इस्राएलमधला अरावा हा कोरडा, खारट मुलूख. तिथल्या मातीतून एक जिवाणू काढला आणि टोमॅटोच्या रोपांना लावून मिठाचे पाणी दिले. २००४ साली हे प्रसिद्ध झाले. जिवाणू लावलेली रोपे न लावलेल्यांपेक्षा बरीच चांगली वाढली. सगळ्यांना वाटेल, जिवाणूने मीठ अडवले असेल. मोजले तर रोपातले सोडियम जवळपास तेवढेच होते! इथिलीन कमी होता, आणि स्फुरद-पालाश थोडे जास्त उचलले गेले होते. मीठ होते तिथेच होते, रोप फक्त घाबरले नाही.

दुसरी युक्ती चिकट डिंकाची. काही जिवाणू स्वतःभोवती बहुशर्करांचा डिंक सोडतात, स्वतः वाळू नये म्हणून. मुळाभोवती त्या डिंकाने मातीचे कण धरून राहतात. रोप उपटले की मुळाला मातीचा मोजा घातल्यासारखा थर येतो, तो हाच. डिंक पाणी धरतो आणि मुळाचा व मातीचा संबंध लवकर तुटू देत नाही. काळी माती वाळून भेगाळते तेव्हा मुळापासून सुटते, तिथे हा संबंध किती मोलाचा ते तुम्हाला सांगायला नको. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये सूर्यफुलाच्या रोपांवर अशाच डिंकवाल्या स्युडोमोनास पुटिडाचा दुष्काळातला गुण दाखवला. तो प्रयोग आपल्याच हवामानाच्या पट्ट्यातल्या माणसांचा, म्हणून मी त्याला जास्त मानतो.

पण हे प्रयोग बहुतेक कुंडीतले, रोपावस्थेतले आहेत. रानात माझा अनुभव असा: आठवडा-दहा दिवसांच्या खंडात चांगली पांढरी मुळी असलेले पीक दुपारी उशिरा माना टाकते आणि पाऊस आल्यावर लवकर सावरते. तीन आठवड्यांच्या खंडात दोन्ही सारखीच वाळतात. जिवाणू दिवस मिळवून देतो, पाणी देत नाही. जमिनीत ओलच नसेल तर तो स्वतःच निपचित पडलेला असतो. आणि रायझोबियमची एक दुखरी बाजू दुकानदार सांगणार नाही: सोयाबीनमध्ये पाण्याचा ताण पडला की गाठींचे काम सगळ्यात आधी मंदावते, पाने अन्न बनवत असतानाच. खंडानंतर पीक पिवळे दिसते त्यात हेही एक कारण असते.

मराठवाड्यात हल्ली खंडाच्या पाठोपाठ ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी साचण्याचा त्रासही असतो. साचलेल्या पाण्यात मुळाला हवा मिळत नाही, एसीसी वर खोडापानांत चढतो आणि तिथे इथिलीन होतो. एसीसी फोडणारे जिवाणू तिथेही रोपाला हात देतात, असे टोमॅटोवर दिसले आहे. तरी सोयाबीनला रुंद वरंबा-सरीवर घेतले तर जेवढा फरक पडेल त्याच्यापुढे बाटली काहीच नाही.

चोपण रानाचे उत्तर सरळ आहे. चोपण म्हणजे सोडियमने मातीची घडण मोडलेली, पाणी न जिरणारी जमीन. तिला जिप्सम, ताग-धैंचा आणि निचरा लागतो. कृष्णा-वारणेकाठच्या खारवट रानांत मी पाहिले आहे, जमिनीखालून निचऱ्याचे पाइप टाकल्यावर जे सुधारले ते कुठल्याही बाटलीने सुधारले नसते. निचरा केल्यानंतर, क्षार उतरू लागल्यावर जिवाणू लावा, तेव्हा उगवणीच्या काळात त्यांचा आधार होतो. उलट क्रमाने केले तर दुकानदाराचे भले.

रोगाबद्दल थोडे सांगतो, कारण तूर-हरभऱ्याची मर तुमच्याकडे असणारच. १९९१ साली तीन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवले की मुळाला उपकारक जिवाणू लावला तर झाडाचा वरचा, जिवाणू न पोहोचलेला भागही रोगाला जास्त दाद देत नाही. जिवाणूच्या चाहुलीने झाड सज्ज होते. मग खरा रोग आला की प्रतिकार लवकर आणि जोरात होतो. स्युडोमोनास, बॅसिलस यांचा हा गुण आहे. मर लागलेल्या झाडाला मात्र तो वाचवत नाही. आणि ट्रायकोडर्मा, जो आपण मरीसाठी वापरतो, ती बुरशी आहे, जिवाणू नव्हे. दोन्ही एकत्र चालतात.

आता माल. एका उन्हाळ्यात मी सहज म्हणून एका तालुक्याच्या गावातून पाच-सहा पाकिटे विकत आणली, गाव आणि दुकान सांगत नाही. पत्र्याच्या दुकानात, रस्त्याकडच्या फळीवर ठेवलेली. ताटलीवर मोजली तर दोन पाकिटांत पाहिजे तो जिवाणू जवळजवळ नव्हताच, नुसता लिग्नाइटचा काळा भुगा आणि भलतेच सोबती. कारखान्यातून माल वाईट निघाला असेल असेही नाही. मे महिन्यात त्या फळीवर कोणीही मेला असता. रायझोबियम आणि स्युडोमोनास बीजाणू (जिवाणूचे टणक, सुप्त रूप) करत नाहीत, उन्हात लवकर मरतात. बॅसिलस बीजाणू करतो, तो टिकतो. त्यामुळे बॅसिलसची बाटली दुकानदाराच्या ढिलाईला पुरून उरते, रायझोबियमची नाही. पाकिटावर जिवाणूचे नाव, संख्या, उत्पादनाची तारीख आणि मुदत बघा. 'सोयाबीनसाठी' असे स्पष्ट लिहिलेले हवे, हरभऱ्याचे रायझोबियम सोयाबीनला चालत नाही. कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांतून, परभणी किंवा राहुरीहून, ताजे मिळाले तर उत्तम. घरी माठाच्या गारव्याला ठेवा. एका बाटलीत दहा-बारा जिवाणू भरले असे लिहिलेले असेल तर मी ती बाटली परत ठेवतो. इतक्या जणांचे एका बाटलीत महिनोन्‌महिने पटत नाही.

जीवामृताचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण कोणीतरी विचारणारच. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची माती यांच्या आंबवणात जिवाणू उदंड असतात, कोणते ते दर वेळी वेगळे. मातीला चालना मिळते. पण सोयाबीनच्या पहिल्या पेरणीला त्यावर भरवसा ठेवू नका, कारण सोयाबीनचा जिवाणू त्यात असेल याची खात्री नाही.

लावताना होणारी सगळ्यात मोठी चूक सोयाबीनमध्येच होते. दाण्याचे साल पातळ असते. हरभऱ्यासारखे गुळाचे पाणी ओतून पोत्यावर खसाखसा चोळले की साल सुटते आणि उगवण पडते, मग दोष जिवाणूला. पाणी शिंपडण्यापुरते घ्या, हलक्या हाताने वरखाली करा, सावलीत पातळ पसरा, सुकले की त्याच दिवशी पेरा. बियाण्यावर बसलेले जिवाणू तासातासाने मरत असतात. रात्रभर ठेवलेले बियाणे मी पुन्हा लावायला सांगतो. बुरशीनाशक लावायचे तर आधी ते, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जिवाणू. रंगीत, प्रक्रिया केलेले बियाणे असेल तर त्याच्या अंगावर जिवाणू बसवण्यापेक्षा चाळलेल्या, ओलसर शेणखतात मिसळून ओळीत सोडा. आणि पेरणी पुरेशा ओलीवर, वाफसा असताना. धूळपेरणीत जिवाणू लावणे म्हणजे तव्यावर बी टाकणे.

तर यंदा बाटली घेऊ नका म्हणत नाही, पण एक करा. पेरणीनंतर चाळीस दिवसांनी, फुले लागायच्या सुमारास, रानातली दहा-बारा झाडे काढा. उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने किंवा टिकावाने ढेकळासह काढून बादलीतल्या पाण्यात हलवा. सोटमुळाच्या वरच्या भागात गाठी आहेत का बघा. नखाने फोडा. आत लालसर गुलाबी असेल तर काम चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा असतो. पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ आहे पण काम नाही. पिवळट पिकात गुलाबी गाठी भरपूर दिसल्या तर दुखणे दुसरे आहे, लोह नाहीतर गंधक बघा.

आणि चुलतभावाशी तुलना सोडून स्वतःच्याच रानात सहा ओळी न लावता ठेवा, एका कडेला नव्हे, मधोमध. शेजारच्या, जिवाणू लावलेल्या पिकातल्या चार-पाच हातांच्या एका तुकड्याला तीस दिवसांनी मुद्दाम युरिया द्या. तो तुकडा बाकीच्या पिकापेक्षा गडद हिरवा झाला तर तुमच्या गाठी कमी पडताहेत, पुढच्या वर्षी चांगल्या संवर्धनावर खर्च करा. रंग सारखाच राहिला तर मातीतले जुने जिवाणू आणि तुम्ही लावलेले मिळून पुरेसे काम करताहेत. काढणीला न लावलेल्या सहा ओळी आणि लावलेल्या सहा ओळी वेगळ्या मळून वजन करा, नजरेवर जाऊ नका. पेरताना न लावलेले बियाणे आधी पेरा, लावलेले नंतर. पेटीत आणि नळ्यांत राहिलेली भुकटी तुमच्या सहा ओळींत गेली तर वर्षभराची मेहनत वाया.